केस्ट्रलला मालक मिळेपर्यंत

डाव्या कानात एक बारीक सूर सोडला, मग दुसरा, मग तिसरा... काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या माणसानं बटन दाबलंच नाही. तो नुसता काचेतून प्रणोतीकडे बघत राहिला.

जबलपूरच्या गोरखपूर बाजारातल्या त्या क्लिनिकमध्ये प्रणोती रोज दहा-बारा जणांचे कान तपासायची. ती दार उघडून आत गेली. "सो गए क्या?"

"नाही... म्हणजे, नहीं. आवाज आया ही नहीं."

तेव्हा तिनं कागदावरचं नाव नीट वाचलं — आल्हाद पिंपळापुरे. "मराठी आहात? मग सांगा, डाव्या कानाशी रोज फटाके फोडायचे का?"

"तसंच काहीसं. सहा वर्षं फॉर्म्युला वनमध्ये होतो. गिअरबॉक्स बघायचो. गाडी सुरू व्हायची ती याच कानाशी."

तिला वाटलं, हा फेकून राहिला. "आणि आता?"

"आता इथंच, ट्रकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. एक फेब्रुवारीपासून. त्यांनाच हा रिपोर्ट पाहिजे. नापास करू नका, प्लीज."

"पास आहात. फक्त कोणी हळू बोललं तर उजवा कान पुढे करा."

"माझ्याशी हळू बोलणारं कोणी नाही," असं म्हणून त्यानं उजवा कान पुढे केला. प्रणोतीनं घाईघाईनं कागदात डोकं घातलं... पण हसू त्याला दिसलंच.

रिपोर्ट न्यायला तो आला तेव्हा हातात खोव्याच्या जिलेबीचा गरम पुडा होता. पुढच्या आठवड्यात काहीच न्यायचं नव्हतं, तरी आला. डिसेंबर सरता सरता ती दोघं क्लिनिक सुटल्यावर रोज चालत निघायला लागली. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

तो बोलायचा त्याच्या टीमबद्दल. केस्ट्रल नावाची, इंग्लंडमधली, सगळ्यांत मागे धावणारी टीम. मोठ्या टीम दर शर्यतीला गाडीचा नवा पंख आणायच्या. हे लोक जुनाच पंख तिसऱ्यांदा चिकटवायचे. ब्रेकचा सप्लायर आधी पैसे मागायचा. ड्रायव्हर निवडायचा तो वेगावर नाही, कोण किती प्रायोजक घेऊन येतो त्यावर. शेवटच्या शर्यतीला हॉटेलचं बिल मेकॅनिकांनी आपापल्या कार्डावर भरलं. आणि नोव्हेंबरात एका सकाळी फॅक्टरीच्या गेटला नवीन कुलूप. बाहेर गाड्या लावायच्या जागेतच सगळ्यांना सांगितलं — कोणी विकत घेतलं तर बोलावू.

"असल्या ठिकाणी सहा वर्षं काहून राहिलास?" तिनं विचारलं.

"एकदा आम्ही दहावे आलो. एक गुण मिळाला. फक्त एक. पण त्या एका गुणावर पुढच्या वर्षीचं बक्षीस ठरतं, टीम जगते. पन्नाशीचे लोक टायरांवर बसून रडून राहिले होते, प्रणोती. मीपण."

बोलताना त्याचा चेहरा असा उजळला, की तिला कळून चुकलं : हा माणूस इथं राहिलेला नाही, नुसता थांबलेला आहे.

तेव्हापासून तिचं एकच सुरू झालं. सकाळी डोळे उघडले की आधी मोबाइल. केस्ट्रलला कोणी गिऱ्हाईक मिळालं का? कधी अमेरिकेतला कोणी उद्योगपती बोलणी करत असायचा, तर कधी बोलणी फिसकटलेली असायची. फिसकटल्याची बातमी वाचली की तिला चहा गोड लागायचा, आणि मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटायची. दीक्षितपुऱ्यातल्या घरी आई म्हणायची, "काय वाचून राहिली एवढं?" ती म्हणायची, "काही नाही." आल्हादच्या बाबांनी, भाऊरावांनी, पोराच्या नव्या नोकरीसाठी दोन शर्ट शिवून आणले होते. एक फेब्रुवारी... तेवढी तारीख उलटू दे, मग सगळं ठीक होईल.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला दोघं भेडाघाटला गेली. नाव संगमरवरी कड्यांच्या मधून चालली होती आणि नावाडी यमक जुळवत कड्यांची वर्णनं सांगत होता. आल्हादनं हौसेनं एक वल्हं मागून घेतलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला. "फोटो काढ. बाबांना दाखवतो, पोरगा कामाला लागला."

तिनं मोबाइल उचलला आणि त्याच क्षणी वर एक ओळ सरकली. केस्ट्रल. आठवण : परत येणार की नाही, आज संध्याकाळपर्यंत कळवा.

समोर तो वल्हं पाण्यात उलटंसुलटं घालत हसत होता. पुढे कडे अरुंद झाले की रेंज जाते, हे तिला ठाऊक होतं. एक बोट फिरवलं की ओळ गायब. संध्याकाळ तर होणारच होती... फक्त गप्प बसायचं.

नाव एक वळण पुढे गेली. "निघाला का फोटो?"

"तुझा मेल आलाय," ती म्हणाली. "टीमचा. आज उत्तर द्यायचंय."

त्यानं वल्हं नावाड्याला परत दिलं. मोबाइल मात्र घेतला नाही. "हा दुसरा आहे. पहिला परवाच आला."

"वाचलास?"

"वीस वेळा. नवीन मालक मिळाला. मोजक्या लोकांना परत बोलावून राहिले. पहिली शर्यत होईपर्यंत अर्धा पगार."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू जा म्हणाली असतीस." त्यानं पाण्याकडे बघितलं. "मग मला जावं लागलं असतं."

तिला रडू आवरेना. "मी नसतं म्हटलं. मी रोज सकाळी देवापुढे उभी राहून मागत होते... तुझी टीम कोणी घेऊ नये. महिनाभर. दुसरं काही मागितलंच नाही मी."

नावाडी एकाएकी गप्प झाला आणि दुसरीकडे बघायला लागला. आल्हाद उठून तिच्या शेजारी येऊन बसला. नाव डुलली.

"रागावलास?"

"नाही. माझ्यासाठी एवढी मेहनत कोणीच घेतली नव्हती."

ती रडता रडता हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "जा. तुम्ही दहावे आलात ते सांगताना मी बघितलंय तुला. ट्रकच्या पार्टवर तसं तोंड नाही व्हायचं."

"प्रणोती... अर्ध्या पगारावरच्या माणसाशी लग्न करशील?"

"तिकडे कान तपासणारे लागतात?"

"लागतात. पण नोंदणी करावी लागते, परीक्षा असते, वर्ष-दीड वर्ष जाईल..."

"तेवढी थांबेन मी."

घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं उत्तर लिहिलं. रेंज येत होती, जात होती. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं आणि दोघं श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी मेल गेला.

"आणि टीम परत बुडाली तर?" तिनं हळूच विचारलं.

"लहान टीम आहे. बुडेलही."

"मग?"

"मग परत नवीन नोकरी शोधायची. या वेळी तुला विचारून."

तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि पायऱ्या चढायला लागली. नोकरीसाठी शर्ट शिवून आणलेल्या भाऊरावांना सांगायचं अजून बाकी होतं.