प्रमाणप्रेक्षक

यशवंत निमगडे यांच्या डोक्यावर मेंदूची हालचाल टिपणाऱ्या विद्युत्स्पर्शकांची टोपी बसवताना शलाका ठोंबरेनं विचारलं, "घट्ट होतेय का, सर?"

"टोपी ठीक आहे. तुझ्या डेमोचं दुसरं मिनिट सैल आहे."

यंत्र अजून सुरूही झालेलं नव्हतं. नागपूरच्या दृष्टिबोध प्रयोगशाळेत गेली तीन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी हा प्रयोग होत असे, आणि त्याची सुरुवात साधारण अशीच होई.

निमगडे हे एका तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापक. डेमो करणाऱ्या मंडळींत मात्र त्यांना कोणी यशवंत म्हणत नसे. तिथे प्रत्येकाला टोपणनाव असतं, आणि त्यांचं होतं 'कानस'. लोखंड घासायचं ते हत्यार. नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं आणि ते चपखल आहे, यावर त्या मंडळींचं एकमत होतं. दुसऱ्या कशावर एकमत झाल्याची नोंद नाही.

डेमो म्हणजे एक चिमुकला प्रोग्राम. तो चालवला की त्या क्षणी, तिथल्या तिथे, चित्र आणि संगीत घडवतो. स्पर्धेत त्याला आकाराची मर्यादा असते: चार किलोबाइट, म्हणजे ४०९६ बाइट. देवनागरीत तेवढ्या जागेत एक लग्नपत्रिका बसते, 'कृपया आहेर आणू नये' ही सूचना धरून. ही माणसं तिथे डोंगर, समुद्र आणि चार मिनिटांचं संगीत बसवतात. का बसवतात, ते त्यांच्या घरच्यांनाही कळलेलं नाही. वर्षातून एकदा वर्ध्याच्या एका सभागृहात त्यांचा मेळावा भरतो. शे-दीडशे जण अंधारात बसून एकमेकांच्या कृती पाहतात, टाळ्या वाजवतात, आणि घरी जाऊन 'कट्टा' नावाच्या संकेतस्थळावर एकमेकांचे वाभाडे काढतात. अभिप्रायाच्या सुरुवातीला अंगठा असतो: वर किंवा खाली.

शलाकाच्या पहिल्या डेमोवर, एकोणीस वर्षांपूर्वी, कानस यांनी लिहिलं होतं: 'पहिलं मिनिट अनावश्यक. दुसरं पहिल्यासारखं. संगीत बंद करून पाहिलं, फरक पडला नाही.' अंगठा खाली. शलाका तेव्हा बावीस वर्षांची होती. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिनं संगीत बंद करून पाहिलं. फरक पडला नाही. तेव्हापासून ती प्रत्येक कृती आधी त्यांच्याकडेच पाठवू लागली. चौदा कृती झाल्या, चौदा अंगठे खाली. आई विचारायची, "त्या माणसाचं तू नेमकं काय बिघडवलंयस?"

पुढे शलाका दृष्टिबोधाची शास्त्रज्ञ झाली, आणि दोघांनी मिळून बोधसंकोचक नावाचं यंत्र बनवलं. त्याचं तत्त्व सोपं होतं: जे गेल्याचं पाहणाऱ्याला कळत नाही, ते ठेवू नये. यंत्र कृतीतली एकेक गोष्ट काढून बघे. एखादा रंग, एखादी रेघ, चित्राचा एखादा कोपरा. ती गेल्यावर टोपी घातलेल्या माणसाचा मेंदू दचकला, तर ती परत ठेवायची. नाही दचकला, तर फेकून द्यायची. उरेल तेवढंच स्पर्धेला पाठवायचं.

मेंदू कोणाचा, एवढाच प्रश्न होता. त्यांच्या डेमो-गटाचा संगीतकार इम्तियाज बागवान यानं दहा जणांचा घेऊ असं सुचवलं.

"दहा जणांना दहा गोष्टी खटकतील," निमगडे म्हणाले. "सगळ्या ठेवाव्या लागतील. एकच घ्या, ज्याची नजर सगळ्यांत तीक्ष्ण आहे असा. त्याला जे गेल्याचं कळलं नाही, ते इतरांना काय कळणार?"

असा माणूस कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती. ते गटाचे प्रमाणप्रेक्षक झाले. त्यांनी आणखी एक नियम घातला: संकोचलेली कृती कर्त्यानं मेळाव्याआधी पाहायची नाही. कर्त्याला स्वतःच्या कामात नसलेलंही दिसतं.

तीन वर्षांत गटाची कीर्ती झाली. पहिल्या वर्षी कृती ४०९६मध्ये जेमतेम मावली. दुसऱ्या वर्षी सहाशे बाइट उरले. यंदा शलाकाची 'पाणथळ' आली: पहाट, लव्हाळी, पाण्यावरून उठणारा बगळ्यांचा थवा. आकार ३०१२. हजार बाइट शिल्लक! या धंद्यात हे म्हणजे दोन खोल्यांच्या घरात अचानक अंगण सापडण्यासारखं. इम्तियाजनं प्रयोगशाळेत संत्रा बर्फी वाटली.

आणि कट्ट्यावर कानस यांनी लिहिलं: 'पूर्ण. आता हात लावू नकोस.' अंगठा वर.

शलाकानं ते छापून घेतलं. मग पाच शब्दांचा तो कागद घडी न पडता घरी कसा न्यावा, याचा विचार करत ती तासभर बसून राहिली.

बाकीचे अभिप्राय तिनं आठवड्यानं वाचले. 'डावीकडचं आभाळ रिकामं का?' असं एकानं विचारलं होतं. 'फ्यूज' नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं, 'थवा अर्धाच वाटतो. बाकीचे बगळे कुठे गेले?' त्याला कानस यांचं उत्तर होतं: 'ज्यांना बगळे मोजायचे आहेत त्यांनी पक्षिनिरीक्षणाला जावं.'

आभाळ शलाकालाही मेळाव्यात रिकामं वाटलं होतं. तिनं प्रोजेक्टरला दोष दिला होता. प्रोजेक्टर जुना होता आणि उलट बोलत नव्हता.

सोमवारी तिनं टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि मूळ 'पाणथळ' संकोचकात घातली. आकडा आला ४७११.

"बाप्पा!" इम्तियाज म्हणाला. "हे तर स्पर्धेतच बसत नाही. टोपी बिघडली तुझी."

"तीनदा केलं."

तिनं दोन्ही कृती शेजारशेजारच्या पडद्यांवर लावल्या. एका पडद्यावर डावीकडून, वरच्या कोपऱ्यातून, एकतीस बगळे उठले. दुसऱ्यावर तिथे नुसतं आभाळ होतं. इम्तियाजनं ते दोनदा पाहिलं.

"माझं संगीत?"

"संगीत नीट आहे."

"मग सरांचे डोळे गेले म्हणायचे?"

"डोळे ठीक असतील. पाहण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागात चालतं. तिथला तुकडा झिजत गेला की दृश्याचा तेवढा भाग जातो. डावीकडचा, वरचा. तीन वर्षांच्या नोंदी काढल्या मी. दर महिन्याला थोडा थोडा गेलाय."

"पण त्यांना कळलं असतं ना? काळा डाग दिसला असता तिथे."

"तुझ्या पाठीमागे आत्ता काय दिसतंय?"

इम्तियाज मागे वळायला लागला.

"वळू नकोस. तिथे काळं दिसतंय का?"

त्यानं मान तशीच ठेवली. "नाही. तिथे काही दिसतच नाही."

"तसंच. आणि शिवाय मेंदू शेजारचं आभाळ ओढून तिथे पसरतो. त्यांना आभाळ पूर्णच दिसतं. ते खोटं बोललेले नाहीत."

ज्याला गट तीन वर्षं कौशल्य समजत होता, तो आजार होता. बर्फीचा रिकामा खोका अजून टेबलावर होता. इम्तियाजनं तो उचलून कचऱ्यात टाकला.

"सांगू नकोस त्यांना," तो म्हणाला. "औषध असतं का यावर?"

"बहुतेक नसतं."

"मग कशाला? एकोणीस वर्षांनी एक अंगठा मिळालाय तुला. तोही जाईल."

"गेलाच आहे तो. त्यांनी पाहिली ती 'पाणथळ' माझी नाही."

रविवारी सकाळी ती त्यांच्या घरी गेली. अभिप्राय कसा द्यावा याचे त्यांचे नियम तिला पाठ होते: कृती समोर ठेवून द्यावा, नेमकी जागा दाखवावी, सांत्वन करू नये. तिनं दोन्ही कृती लागोपाठ दाखवल्या.

"सारख्या आहेत," निमगडे म्हणाले.

"परत एकदा बघता का, सर?"

"शलाका, बघण्यात माझी हयात गेली. सारख्या आहेत. काय चालवलंयस तू?"

तिनं फाइलींची यादी उघडली. दोन नावं, दोन आकडे.

निमगड्यांनी आकडे वाचले. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचले. बाइट मोजण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला आणखी समजावून सांगावं लागत नाही.

"दुसरी कोणाच्या टोपीवर?"

"माझ्या."

"यंत्रात चूक?"

"माझा भाग मी तपासला. तुमचा नाही."

"माझ्यात चूक नसणार," ते म्हणाले, आणि दोन आकड्यांची वजाबाकी केली. मग म्हणाले, "सतराशे बाइटांचं काहीतरी समोर आहे, आणि मी सारखं म्हणतोय. कुठे आहे ते?"

"डावीकडे. वर."

"काय आहे?"

"बगळे, सर. एकतीस."

"म्हणजे त्या फ्यूजची माफी मागावी लागणार." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "अभिप्राय मान्य."

त्यांच्या बहिणीनं, सिंधूताईंनी, पानं वाढली आणि शलाकालाही बळेच बसवलं. निमगडे ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी ताट दोन्ही हातांनी धरून अर्धं फिरवलं. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड उजवीकडे आली.

"ही रोज असते?"

"रोज असते," सिंधूताई म्हणाल्या. "वर्ष झालं, शिवत नाहीस. मला वाटलं, काही पथ्य असेल. तुला विचारायची सोय आहे का?"

ते जेवले. कोशिंबीर दोनदा घेतली. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "तो अंगठा मी मागे घेतो. अर्धी कृती पाहून दिलेला अभिप्राय ग्राह्य नाही."

"हो, सर."

"पूर्ण पाहून कदाचित तोच दिला असता. कदाचित नसता. आता कळायला मार्ग नाही."

"हो, सर."

सांत्वन करू नये, हा नियम दोघांनीही पाळला. मग त्यांनी एकदम विचारलं, "वजाबाकी उलटी केलीस का? माझ्या फाइलीत आहे आणि तुझ्यात नाही, असं काही?"

तिला ते सुचलंच नव्हतं. तिनं केली. उत्तर आलं: अडतीस बाइट.

निमगडे पुढे सरकले. "माझी लाव. आता तुझी. दिसतंय?"

"काय?"

"दृश्य वळतं त्याआधी दर वेळी चित्र जरासं अडखळतं. तीन फ्रेम. तुझ्या प्रतीत ती अडखळ गेलीय."

शलाकानं दोन्ही कृती सात वेळा पाहिल्या. हळू करून पाहिल्या. शेवटी म्हणाली, "मला सारख्याच दिसतात, सर."

त्यांनी मान डोलावली. त्यात कसलाही विजय नव्हता. "पहिल्या कृतीपासून आहे ती तुझ्यात."

"कधी लिहिलं नाहीत तुम्ही."

"मला वाटायचं, मुद्दाम करतेस."

"दोष आहे का तो? काढू?"

"हे मला विचारू नकोस," निमगडे म्हणाले. "मला दिसणाऱ्या गोष्टी कमी होत चालल्यात. त्यांतली आणखी एक काढ, असं मी कसं सांगू?"

तिनं ती काढली नाही.

डॉक्टरांनी आजाराला लांबलचक नाव दिलं; औषध दिलं नाही. कट्ट्यावर कानस यांनी फ्यूजची माफी मागितली आणि पुढे अंगठा देणं थांबवलं. पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी टोपी चढवायला ते येत राहिले. यंत्र सुरू आहे तर मोजून घ्यावं, म्हणत. शलाका दर वेळी तीच 'पाणथळ' लावे आणि वजाबाकी दोन्ही बाजूंनी करे. त्यांच्या फाइलीचा आकार २७४० झाला, मग २३००, मग १८६५. उलट्या वजाबाकीचा आकडा मात्र हलत नव्हता. अडतीस. अडतीस. अडतीस. त्या आकड्यासाठी ती आधीच्या शुक्रवारपासून अस्वस्थ असे.

सातव्या महिन्यात तो एकोणीस झाला. नवव्या महिन्यात इम्तियाजनं पडद्यावरचा आकडा वाचला.

"शून्य? अडखळ काढलीस होय शेवटी?"

शलाकानं मूळ प्रोग्रामातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. अडखळ होती तिथेच होती; यंत्राच्या हिशेबानं आता ती कोणालाही खटकत नव्हती.

ती खुर्चीजवळ गेली आणि निमगड्यांच्या डोक्यावरची टोपी हळूच सोडवू लागली.

"कशी वाटली, सर?"

"छान," निमगडे म्हणाले. "छान आहे."