टेकडीवरून बोरखेडी

"जरा बाजूला व्हा... माझ्या शेंगा तुडवून राह्यले तुम्ही."

पारस दचकून मागं सरला. कॅमेऱ्यातून बघताना पायाखाली लक्षच नव्हतं. खडकावर मुगाच्या शेंगा वाळत होत्या, आणि भुरभुर सुरू झाली म्हणून त्या गोळा करत होती सुवार्ता – बोरखेडीच्या चर्चच्या पाळकांची मुलगी.

पारस म्हणजे जुन्या जालन्यातल्या पुखराज शेठचा मुलगा. कापडाच्या दुकानात मन रमेना, म्हणून फोटो काढत हिंडायचा. चौऱ्याण्णवच्या भादव्यात तो इथं आला, तो बोरखेडीच्या चर्चच्या शताब्दीचं कॅलेंडर करायला.

"फोटोत चर्च घेतलं की गाव सुटतं," तो म्हणाला.

"मंग टेकडीवर चला. तिथून दोन्ही बराबर दिसतं."

दिसलं. दोन डोंगरांच्या मधे ओले पत्रे, ओढ्याकाठची कपाशी, आणि त्यातून मान वर काढलेला दगडी मनोरा. पारस मात्र भुरभुर पावसानं भिजलेल्या तिच्या केसांकडे बघत होता.

"गाव तिकडं आहे," ती हळूच म्हणाली.

मग तो येतच राहिला. कधी ऊन नीट नव्हतं, कधी रोल खराब निघाला.

"नेहमी खराबच रोल कसा मिळतो हो तुम्हाला?"

"चांगला मिळाला, तर यायचं कशाला...?"

ती हसली. त्या हसण्यावर दोघांचा हिवाळा निघाला.

नाताळानंतर गावात कुजबुज सुरू झाली. पाळकांनी मुलीला सरळ विचारलं. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून ते स्वतः जालन्याला शेठच्या दुकानात गेले. संध्याकाळी परतले, ते बराच वेळ कोट न काढताच बसून राहिले.

"शेठ वाईट न्हाई बोलले, बाई. चहा पाजला, हात जोडले. पारसनं ख्रिस्ती घरात लगीन केलं, तर त्याच्या बहिणीची सोयरीक मोडंल म्हणले."

"आन् पारस?"

"समोरच व्हता. मी विचारलं, बेटा, तुझं काय म्हणणं?" त्यांनी कोटाची बटणं सोडायला घेतली. "कापडाच्या ताग्याची घडी घालत राह्यला."

पुढच्या आठवड्यात पारस टेकडीवर आला. कॅमेरा नव्हता. खाली चर्च, गाव, ओढा – सगळं लख्ख उन्हात होतं.

"सुवार्ता... तुझ्याबिगर मला काहीच गोड लागत न्हाई. खरंच."

या शब्दांसाठी ती किती थांबली होती.

"हे तिथं बोलायचं होतं," ती म्हणाली. "माझा बाप उभा होता तुझ्यासमोर."

"जीभच उचलली न्हाई..."

"जा आता."

तो उतरू लागला. एकदा वळला. तिनं हाक मारली असती, तर परत वर आला असता, आणि पुन्हा दुकानात गप्प बसला असता. ते तिला कळत होतं, म्हणूनच तिनं हाक मारली नाही.

ती घरी आली तेव्हा वडील ताटं मांडत होते.

"आल्ता का?"

"हो."

"काय म्हणला?"

"प्रेम आहे म्हणला."

वडिलांनी तिच्या ताटात भाकरी वाढली. तिनं ती तोडली, पण घास काही उचलवेना.