कुणी न पाहिलेली नोटीस

जी नोटीस अख्ख्या कोळीवाड्यात कुणी पाहिली नव्हती, तिचा फोटो नऊ एप्रिलला सुनावणीच्या टेबलावर पडला होता.

ग्रेसीने मासळीची टोपली पायरीवर ठेवली. सुनावणीच्या हॉलच्या दारावरल्या झावळीच्या क्रूसाला सवयीने बोट लावून कपाळाला टेकवलं. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी देवळातल्या मिस्साहून येऊन तिनेच तो विणून खोचला होता. अकरा दिवसांत पार पिवळा पडला होता.

"बाय, माजी हरकत लिवा," ती म्हणाली. "तिवरांच्या जंगलातून महामार्ग गेला तर खाडीत एक निवटी मासळी उरनार नाय. आमी खायाचं काय, डांबर?"

अधिकारी क्षितिजा मॅडमनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

"आजी, नोटीस सहा मार्चला या दारावर लागली. हरकतींना तीस दिवस होते. एकही आली नाही. बारा वाजता मी 'गावाची हरकत नाही' असं लिहून सुनावणी संपवणार."

ग्रेसीचे पाय एका जागी ठरेनात.

"लावली कोनी?"

"मी," महामार्गाच्या सल्लागार कंपनीचा सिद्धेश म्हणाला. "फोटोवर तारीख आहे. साक्षीदारही आहे."

साक्षीदार म्हणजे ग्रेसीचा दीर, बेनेडिक्ट. तो मघापासून पंख्याकडे बघत होता.

"बेना, तू बगितलीस?"

"होय, वयनी. सहा मार्चलाच. मी हितं उबा होतो."

"अन् आमाला बोलला नाय?"

"नोटीस दारावर व्हती. ज्याची त्यानं वाचायची."

"मला वाचता येत नाय, ते तुला चाळीस वर्सं ठाऊक हाय."

ती सिद्धेशकडे वळली. "फोटो दाव, पोरा."

"वाचता येत नाही म्हणता, मग बघून काय करणार?"

"म्हावरं ताजं का शिळं ते बगाया मला शाळा लागली नाय."

तिने फोटोतल्या कागदाकडे पाहिलंच नाही. नजर कागदाच्या वर गेली आणि थांबली. मग सकाळपासून पहिल्यांदाच ती खुर्चीवर बसली.

"कागदाच्या वर हिरवं हाय, ते काय?"

"शोपीस आहे ना? मी आलो तेव्हा होतंच ते."

"कितीदा आलास?"

"नोटीस लावायला? एकदाच."

"बाय, आता ऐका," ग्रेसी म्हणाली. "तो झावळीचा क्रूस. वर्सभर दारावर रातो, पन राखेच्या बुधवाराआदी जुने सगळे उतरतात. या दारावरला मीच फेब्रुवारीत उतरवून देवळात दिला. तो जाळून त्याचीच राख फादरनी त्या बुधवारी या बेनाच्या कपाळाला लावली. मंग झावळ्यांच्या रविवारपर्यंत दार रिकामं. तो रविवार एकोनतीस मार्चला झाला. अन् फोटोतला क्रूस हिरवागार हाय. सहा मार्चला तो माडावर होता, शेंड्याला."

मॅडमनी फोटो जवळ ओढून पाहिला.

"म्हंजे फोटो एकोनतीस मार्चनंतरचा. मोबाइलची तारीख मागं सारून काढला, अन् कागद लगेच उतरवला. राहिला असता तर मला दिसला असता. मी रोज त्या क्रूसाला हात लावते. अन् बेना सहा मार्चला जितं उबा होता म्हनतो, तितं दारावर काय नव्हतंच."

बेनेडिक्टने फोटो पहिल्यांदाच हातात घेतला. घेतला तसा खाली ठेवला.

"मला फोटो दावलाच नव्हता, वयनी. सही मागितली, दिली. झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी ह्यो आला, कागद चिकटवला, फोटो काढला, घडी करून बॅगेत टाकला. आमच्या पोरीला, प्रीतलला टोलनाक्यावर कामाला लावतो म्हनाला."

"मॅडम, ही फॉर्मॅलिटी असते, सगळीकडे..." सिद्धेश म्हणाला.

"मोबाइल द्या," मॅडम म्हणाल्या. लिहायला घेतलेल्या अहवालावर त्यांनी आडवी रेघ मारली. "सुनावणी रद्द. नवी नोटीस, पुन्हा तीस दिवस."

चार दिवसांनी नवी नोटीस आली. ग्रेसीने ती भाताच्या खळीने क्रूसाखाली चिकटवली आणि सगळ्या गल्लीला हाक मारली. गर्दीतून बेनेडिक्ट हळूच मागे सरकत होता.

"कुटं चाललास? साक्षीदार ना तू? वाच. पहिल्या ओळीपासून."

तो भराभर वाचायला लागला.

"सावकाश," ग्रेसी पायरीवर बसली. "तीस दिस हायत."