लागला का?

ही गोष्ट माझ्या धाकट्या मावशीची. तिला थापा मारता येत नाहीत, मारली तर लगेच पकडली जाते. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी चारची आहे.

मावशी तेव्हा महिनाभर एका अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून गेली होती. काम प्राण्यांच्या फोटोंचं. झाडांना कॅमेरे बांधलेले. समोर काही हललं की आपोआप फोटो निघायचा. दर आठवड्याला कार्ड बदलायचं. जोडीला म्हातारे वनरक्षक, तात्या.

कार्ड बदललं की एकाने समोरून जनावरासारखं रांगत जायचं. दुसऱ्याने कॅमेऱ्यापाशी उभं राहून लाल दिवा लागतो का पाहायचं. मग नंबराची पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची.

"लागला का?" मावशी रांगता रांगता विचारायची.

"लागला. पण हरीण एवढ्या धापा टाकत नाही, पोरी."

सात नंबरच्या कॅमेऱ्यापाशी मात्र तात्या चेष्टा करत नसत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ, तोही वनरक्षक, तिथे एकटा गेला आणि परत आला नाही. काहीच सापडलं नाही. तेव्हापासून एकट्याने जायला बंदी होती.

दर आठवड्याला तात्या विचारायचे, "सातमध्ये काही?"

काही म्हणजे काय, हे मावशीला कळायचं.

त्या दिवशी तात्या तापाने फणफणले होते. मावशी कोणाला न सांगता एकटीच निघाली.

सातपाशी किडे नुसते किरकिरत होते. तिने कार्ड बदललं. सवयीने खाली बसली, रांगू लागली...

किडे थांबले.

"लागला का?" तिच्या तोंडून गेलं.

"लागला."

"बरं," म्हणत ती उठलीसुद्धा. गुडघ्यांवरची माती झटकली. मग तिच्या लक्षात आलं...

कॅमेऱ्यापाशी कोणीच नव्हतं.

पाटी तिथेच टाकून ती जी पळाली ती थेट चौकीत. तात्यांना सांगितलं असतं तर ते तापात उठून गेले असते. "सगळं ठीक," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोघांनी सातचं कार्ड आणून चौकीतल्या कॉम्प्युटरला लावलं. पहिला फोटो रांगणाऱ्या मावशीचा. दुसरा उठतानाचा. तिसऱ्यात तिची पळती पाठ.

चौथा दोन मिनिटांनंतरचा...

पाटी. कॅमेऱ्यासमोर सरळ, नीट धरलेली. कडेला एक अंगठा.

तात्या बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "तू एकटीच गेली होतीस ना? मग दिवा लागलेला कोणी बघितला?"

मावशीचा धीर झाला नाही. "कोणी नाही," ती म्हणाली.

याला चार वर्षं झाली. तात्या कधीच निवृत्त झालेत. तरी रोज चारला सातपाशी जातात, असं तिला तिथले लोक सांगतात. दुखऱ्या गुडघ्यांवर रांगतात. "लागला का?" विचारतात, आणि अंधार पडेपर्यंत थांबतात.

उत्तर येत नाही.

पलंगाखालचं काही काढायचं असलं तर मावशी आजही मला बोलावते. स्वतः खाली वाकत नाही. परवा मी विचारलं, तात्यांना एकदा खरं सांगून का टाकत नाहीस?

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही रोज विचारताय, आणि तो बोलला माझ्याशी?"