नमुना आरसा

पहिल्याच भेटीत त्याने मला दारातून परत पाठवलं.

"हात चमकताहेत. क्रीम लावलंय."

"थंडीने फुटलेत हो."

"फुटू देत. धुऊन या."

पांढरा सूट, टोपी, मास्क... दिसत होते फक्त डोळे. स्वच्छ खोलीची जबाबदारी त्याच्यावर, म्हणून सगळे त्याला सोवळेबुवा म्हणत.

आत आमचा अंतराळात जाणारा अतिनील कॅमेरा होता. ग्रहाभोवतीचं विरळ हायड्रोजनचं वलय आपल्या डोळ्यांना दिसत नाही. ते या कॅमेऱ्याला दिसणार होतं. त्याची नजर तपासणं माझं काम: निर्वात टाकीत ठरावीक तेजाचा दिवा लावायचा आणि कॅमेरा किती उजेड मोजतो ते बघायचं. पण आरशावर क्रीमचा, अत्तराचा न दिसणारा थर बसला, तरी अतिनील प्रकाश तिथेच गिळला जातो. म्हणून आम्ही सगळी बिनवासाची माणसं. खोलीवर परतावं, तर उशीलासुद्धा कुणाचा वास नसे.

आई फोनवर टोमणे मारायची – एवढी शिकलीस आणि पावडर लावायचीही चोरी. कोण ढुंकून बघणार तुझ्याकडे? कोणीतरी बघतंय, असं सांगावंसं वाटायचं. पण सांगणार काय... दोन डोळे?

काचेपलीकडून तो हेडफोनवर बोलायचा. दिव्याचे आकडे विचारता विचारता जेवलात का, असंही. मी गप्प राहिले तर म्हणायचा, "डोळे हलले. हसलात."

मग कळलं, कॅमेऱ्याबरोबर तो प्रक्षेपण तळावर जाणार आणि परत येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी मावशीने दिलेलं अत्तर कानामागे लावलं. कॅमेऱ्याला झाकण आहे, अशी स्वतःची समजूत घातली. दारात त्याने मला तपासलंच नाही, नुसता बघत राहिला.

कॅमेऱ्याशेजारी एक छोटा नमुना आरसा उघडा ठेवलेला असतो. खोलीतल्या हवेत काय आहे, ते त्याच्यावरून कळतं. सकाळी तपासला, तर त्यावरून परतणारा उजेड घटलेला. कारण कुणालाच सापडेना. प्रकल्पाचे सर म्हणाले, कॅमेरा उघडून धुवायचा. म्हणजे उड्डाण हुकणार.

मी हेडफोन चढवला. "उघडू नका. अत्तर होतं, माझं. झाकण बंद होतं. आतला आरसा तपासा, स्वच्छ निघेल."

त्याने हातातलं काम टाकून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही? अत्तर... कशासाठी?"

"तुम्हाला वास यावा म्हणून."

काचेपलीकडचे डोळे खाली गेले. "मला मास्क होता हो," तो हळूच म्हणाला.

आतला आरसा स्वच्छ निघाला. मला मात्र खोलीबाहेर काढलं. राहिलेल्या चाचण्या मी काचेबाहेरून, दुसऱ्याच्या हातांनी होताना पाहिल्या. हेडफोनही दुसऱ्याच्याच कानांवर.

कॅमेऱ्याची पेटी सीलबंद होऊन ट्रकमध्ये चढली, तेव्हा तो आवारात माझ्यासमोर आला आणि त्याने मास्क काढला. हनुवटीवर जुना व्रण. मी कल्पिलेल्या चेहऱ्याहून वेगळाच, जरा पोरगेला...

"आज लावलंय?"

मी मान डोलावली. तो माझ्या कानाशी वाकला, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. त्याची कॉलर माझ्या गळ्याला लागून राहिली.

"आला," तो म्हणाला. "आता मला पेटीजवळ बसता येणार नाही."

"मग धुऊन या."

"नाही धुणार."

ट्रक निघाला. सोवळेबुवा मागच्या गाडीत एकटाच बसला, कॉलर नाकाशी धरून. वळण येईपर्यंत मी त्याला तसंच पाहत राहिले.