मागच्या सीटचा पट्टा

भूत-पिशाच्च हे दुबळ्या मनाचे खेळ आहेत, असं मी जन्मभर छातीठोकपणे सांगत आलो.

गेल्या शनिवारी भर दुपारी मी आमच्याच गॅरेजमधून एका पायात चप्पल घालून पळालो. दुसरी आणायला अजून गेलेलो नाही.

यात एक अक्षरही पदरचं नाही.

रविवारी सून नव्या नातीला घेऊन दवाखान्यातून घरी येणार होती. त्यासाठी मेहुण्याच्या ओळखीने जुनी गाडी घेतली.

"भावजी, बंपरला जरासं खरचटलंय, बस्स!"

मेहुण्याचं 'जरासं' मला लग्नापासून ठाऊक आहे. तरी फसलो.

गाडीत वास होता. गोडसर... उंदीर मरून फुगल्यासारखा.

"अहो, मोजे धुवा," बायको म्हणाली.

मोजे धुतले. वास तसाच.

बाळ मागे बसणार, म्हणून मागचा पट्टा पुसायला घेतला. ओढला. ओढत गेलो...

शेवटचा वीतभर भाग कडक होता. तपकिरी. त्यावर सायीसारखा थर, आणि थरात रुतलेले लांब केस.

तरी साबणाने घासलं. फडक्याला जे लागलं ते वाळलेलं नव्हतं...

कोमट होतं.

मेहुण्याला फोन लावला. "खरं सांग, या गाडीला अपघात झाला तेव्हा मागे कोण होतं?"

"कोणी नाही, भावजी." मग हळूच, "पट्टा तेवढा लावलेला होता म्हणे."

तेवढ्यात तो पट्टा माझ्या हातातून सरकला.

आत नाही गेला...

आडवा गेला. सावकाश. कुणाच्या तरी पोटावरून जावा तसा.

खट्ट.

रिकामी सीट दबली. तोंडावर ओला, गोडसर श्वास आला.

मी पळालो.

नात भाड्याच्या गाडीने घरी आली. आमची गाडी मेहुण्याने ओढून नेली. वाटलं, सुटलो.

काल पाळण्यापाशी तोच वास आला.

दुपट्याची घडी उलगडली... आत एक लांब केस. ओला.

घरात इतके लांब केस कुणाचेच नाहीत. माझे तर मुळीच नाहीत.

"बाबा, कसला हो वास?" सुनेने विचारलं.

"माझे मोजे."

बाळंतिणीला दुसरं काय सांगणार? तेव्हापासून पाळण्याजवळून हललेलो नाही.

बाळ बघायला याल, तर एक विनंती. नाक मुरडा, मला खुशाल नावं ठेवा...

पण वास मोज्यांचाच आहे, असं तुम्हीही म्हणा.