अर्धी शीट

खारी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या फोमच्या दुकानात सुरुची बराच वेळ हुज्जत घालत उभी होती. तिला हवा होता एवढासा तुकडा, एका जुन्या कॅमेरा बॅगेला आतून लावायला. दुकानदार मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मॅडम, कट पीस नहीं मिलेगा. पूरी शीट लेनी पड़ेगी." आणि शीट केवढी, तर तिच्या मीरा रोडच्या घरातल्या दिवाणाएवढी.

"अर्धी मी घेतो," मागून कुणीतरी म्हणालं. "अर्धी तुम्ही घ्या."

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात गाठी मारलेली सुतळी. ती सुतळी म्हणजे त्याचं माप होतं. त्याच्या कीबोर्डच्या पेटीला आतून फोम लावायचा होता. त्याने तिच्या हातातल्या मापाच्या टेपकडे बघितलं, मग बॅगेकडे, आणि अगदी सभ्यपणे विचारलं, कॅमेरा मोजलात तो लेन्स लावून, की नुसताच?

नुसताच मोजला होता. पण हे असं अनोळखी माणसासमोर कबूल कोण करणार...

"लावूनच मोजलाय," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि सुरुचीला उगाचच कान गरम झाल्यासारखं वाटलं.

त्याचं नाव हितेश. घर खाडीकाठच्या मोरवा गावात. आजोबांची मिठागरं होती, आता तो मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम करायचा आणि लग्नसराईत गावच्या बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. हे सगळं तिला शीटची गुंडाळी बांधली जाईपर्यंत कळलं. गुंडाळी शेअर रिक्षात मावणारी नव्हती. शेवटी ठरलं, तो बाईकवरून नेईल, कापेल आणि रविवारी मोरव्याच्या तलावापाशी तिची अर्धी तिला देईल.

"घेऊन पळून गेलात तर?" तिने नंबर देता देता विचारलं.

"फोम घेऊन कुठे पळणार," तो म्हणाला, "लांबूनच दिसेन."

बॅग मूळची तिच्या शेजारच्या नीलमकाकूंची. वसईला राहायला जाताना त्यांनी माळा रिकामा केला, तेव्हा ती निघाली. मातकट कॅनव्हास, पितळी बकलं, बाहेरून अजून देखणी. आतला फोम मात्र जुना होऊन विरघळला होता. हात घातला की काळा चिकट भुगा बोटांना लागायचा. सुरुचीने तो चमच्याने खरवडला, बॅग शॅम्पूच्या पाण्यात भिजवली, ब्रशने घासली आणि गॅलरीतल्या उन्हात वाळवली. पण आता आत नुसतं कापड उरलं. त्यात कॅमेरा ठेवला, की रिकाम्या डब्यात लिंबू गडगडावं तसा गडगडायचा.

आणि कॅमेरा तिला जपायचा होता. दोन वर्षं तो कपाटात होता. साखरपुडा झाला तेव्हा तिने हौसेने घेतला होता, लग्नानंतरच्या प्रवासासाठी. मग लग्नाला महिना उरलेला असताना मुलाकडच्यांच्या लक्षात आलं, की पत्रिका जुळत नाही. सुरुची रडली कमी आणि गप्प जास्त झाली. शाळेच्या ऑफिसातली नोकरी नेमाने करत राहिली, पण लग्नकार्याला जाणं तिने सोडलं. आहेर आईबरोबर पाठवायची. परवा काकूंनी ती बॅग हातात ठेवली आणि कुणास ठाऊक का, तिला कपाटातला कॅमेरा आठवला.

रविवारी हितेश आला, तो व्यवस्थित कापलेले तुकडे घेऊन. दोघांनी तलावाकाठच्या बाकावर बॅग उघडली, तुकडे बसवले, मध्ये कॅमेरा ठेवला... आणि बॅग बेडकासारखी फुगली. झाकण बकलापर्यंत पोचेना. हितेशने गुडघा लावून दाबून पाहिलं, सुरुचीने पट्टा ओढून पाहिला. शेवटी ती बाकावर मागे टेकून हसत सुटली. दोन वर्षांत इतकं हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

"माझ्या पेटीचंही झाकण लागत नाहीये," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सांगणार नव्हतो."

"मी पण लेन्स न लावताच मोजला होता," ती म्हणाली. "सांगणार नव्हते."

मग रीतसर शोध सुरू झाला. आधी मोबाईलवर तयार इन्सर्ट बघून झाले, म्हणजे बॅगेत अख्खाच्या अख्खा बसवायचा गादीदार कप्पा. एक मागवला. तो आला तो एवढा छोटा, की बाजूने चार बोटं फट राहिली. जुन्या बॅगेचं माप हल्लीच्या कुठल्याच इन्सर्टला जुळेना. मग कळलं, की गादीचा मऊ फोम इथे कामाचा नाही. अंगठ्याने दाबला की तो थेट तळाला टेकतो. पातळ पण घट्ट हवा, नाजूक सामानाच्या खोक्यांत घालतात तसा. हितेशने औद्योगिक वसाहतीतून त्याचे नमुने आणले आणि परीक्षा घ्यायची एक युक्ती काढली. अंडं फोममध्ये गुंडाळायचं आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचं.

पहिलं फुटलं. दुसरंही. तिसऱ्या नमुन्यातलं अंडं मात्र सहीसलामत राहिलं. सुरुचीने ते उन्हात धरून सगळीकडून पाहिलं, आणि हितेश तिच्याकडे पाहत राहिला. तिने विचारलं, काय झालं. काही नाही, अंडंच बघतोय, तो म्हणाला.

अस्तर शिवायला तो तिला घरी घेऊन गेला. त्याची बहीण ऋतिका शिवणकाम करायची. पंधरवड्यावर तिचं स्वतःचं लग्न आलं होतं आणि मशीनभोवती ब्लाऊजांचा ढीग होता, तरी तिने तो हौसेने बाजूला सारला. दारातच हितेशची आई, सावित्रीबाई, उभ्या होत्या. त्यांनी सुरुचीला आपादमस्तक न्याहाळलं.

"माजी अंडी फोडणारी पोर हीच हाय का?" त्यांनी लेकाला विचारलं. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "ये गो, बस. जेवल्याबिगर सोडायची न्हाय."

अस्तराच्या रंगावरून तासभर चर्चा झाली. हितेशचं मत राखाडी, मळत नाही म्हणून. सुरुचीला पिवळं हवं होतं. काळ्या बॅटऱ्या, काळी झाकणं काळोखात हरवतात, पिवळ्यावर चटकन दिसतील. त्यावर हितेश म्हणाला, त्याला स्वतःला पिवळा शर्ट शोभत नाही. बॅगेत तुम्ही थोडेच बसणार आहात, ती म्हणाली. ऋतिकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पिवळं कापड मशीनखाली सरकवलं. कापड लवदार होतं, वेल्क्रो त्याला थेट चिकटायचा. त्यामुळे मधले पडदे हवे तिथे लावता येणार होते. कॅमेरा मध्ये, लेन्स उजवीकडे, चार्जर डावीकडे. सुरुचीने बॅग खांद्याला लावून हलवली. आत काहीही गडगडलं नाही.

"माझ्या हळदीचे फोटो काढशील?" ऋतिकाने धागा तोडत विचारलं.

सुरुचीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. बघते, असं काहीतरी पुटपुटून ती निघाली.

हितेश तिला रिक्षापर्यंत सोडायला आला. वाटेत तिने सगळं सांगितलं... साखरपुडा, पत्रिका, परत केलेली साडी, कपाटातला कॅमेरा. तो तिच्या चालीने चालत, ऐकत राहिला. वाईट झालं, असं म्हणाला नाही. रिक्षा आली तेव्हा एवढंच म्हणाला, "नाही म्हणालीस तरी चालेल. ऋतिकाला मी सांगेन."

म्हणालीस. तुम्हीवरून तो तूवर आला होता आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. सुरुची मात्र मीरा रोड येईपर्यंत तो एक शब्द मनात घोळवत राहिली.

हळदीला ती गेली. मांडवाशी पोचल्यावर पाय अडखळले, पण आत धवलारणी लग्नाची गाणी म्हणत होत्या आणि ऋतिका हात हलवून बोलावत होती. पहिले काही फोटो तिने भीतभीतच काढले. मग म्हाताऱ्यांचे हिरव्या बांगड्यांचे हात दिसले, ऋतिकाचे मिटलेले डोळे दिसले, हळद दळताना एकमेकींना कोपराने ढोसणाऱ्या मावश्या दिसल्या, आणि ती घाबरायचं विसरूनच गेली. पलीकडे बँजो पार्टीचा गलका उठला होता. कीबोर्डवर हितेश होता. कपाळाला घाम, नजर अधूनमधून तिच्याकडे.

नवरीची उष्टी हळद घेऊन सावित्रीबाई लग्नाच्या पोरींच्या गालांना लावत फिरत होत्या. सुरुचीपुढे त्या थांबल्या. त्यांना सगळं ठाऊक असावं, कारण हळदीचा हात तसाच वर धरून त्यांनी विचारलं, "लावू का गो? नको तं न्हाय लावत."

सुरुचीने कॅमेरा खाली घेतला आणि गाल पुढे केला.

लग्नानंतरच्या रविवारी ती फोटो घेऊन मोरव्याला आली. ऋतिका माहेरी आली होती. तिने सगळे फोटो पाहिले, दोनदा डोळे पुसले आणि मग सहज म्हणाली, की दादाचा एकही फोटो कसा नाही. हितेश हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला सुरुचीने पाहिला.

दोघं बाहेर पडले आणि खाडीच्या बाजूला, मिठागरांच्या बांधावरून चालत राहिले. थंडीतलं कोवळं ऊन होतं. वाफ्यांतल्या पाण्यावर वारा बारीक सुरकुत्या पाडत होता.

"बँजोवाल्या सगळ्यांचे आहेत," तो थोड्या वेळाने म्हणाला. "ढोलकीवाला तर चार वेळा आहे."

"तुझेही काढले होते."

"मग?"

"सगळे हलले." ती पाण्याकडे बघत होती. "मग डिलीट केले."

"कॅमेऱ्यात काही बिघाड—"

"कॅमेरा ठीक आहे, हितेश."

तो थांबला. मग ती काय म्हणाली ते हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. मांडवभर लोकांसमोर बिनधास्त वाजवणारा हा मुलगा इतका गोंधळलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"मला तू आवडतेस," तो शेवटी म्हणाला. "फोम घेतला त्या दिवसापासून. पण तुझं ऐकलं, आणि वाटलं... घाई नको. आता विचारतो. आईबाबांना घेऊन तुझ्या घरी येऊ?"

सुरुचीने पर्समधून मोबाईल काढला आणि तिथेच, बांधावर उभ्या उभ्या, घरी फोन लावला. तिने आईला सांगितलं, की पुढच्या रविवारी कुठे जाऊ नका, घरी पाहुणे येणार आहेत. आईने विचारलं असावं, कोण पाहुणे.

तिने हितेशकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता.

"मला एक मुलगा आवडलाय, आई," ती म्हणाली. "तो येतोय."